बांधावरची लांब मण्यांची फांदी

मला वाट बघता येत नाही. एसटी जरा उशिरा आली तरी मी स्टँडवर येरझाऱ्या घालते. घरी पेरूच्या झाडाला फळ धरलं की पिकलं का हे बघायला रोज बोटाने दाबत राहते आणि शेवटी वैतागून कच्चंच तोडते. अशा बाईला सरकारने नोकरी कुठली द्यावी? तर द्राक्षाचे नवे वाण तयार करण्याची! म्हणजे आज फुलांचा संकर करायचा, बी धरायचं, बीचं रोप करायचं, रोपाचा वेल मांडवावर चढवायचा आणि फळ कसं लागतं ते तिसऱ्या वर्षी बघायचं. पसंत पडलं नाही तर कुदळ लावून उपटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. सगळी नोकरी मी याच कामात काढली. कशी काढली ते माझं मला माहीत, आणि माझ्या बिचाऱ्या आईला.

आमचं फळ संशोधन केंद्र नाशिकहून निफाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. चार बैठ्या खोल्या, एक प्रयोगशाळा आणि मागे वेलांच्या रांगा. मी तिथे लागले ती बहात्तरच्या दुष्काळानंतर. आम्ही देवळालीच्या बौद्ध वस्तीतले, वडील रेल्वेत. मुलगी बी. एस्सी. झाली म्हणजे मास्तरीण होणार असं सगळ्यांनी धरलं होतं. मी द्राक्षं खायच्या नोकरीला लागले म्हटल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "चैन आहे बाई तुझी!"

चैन कसली? हंगामात रोज सकाळपासून घडांचे नमुने चाखायचे, पाण्याने चूळ भरायची, पुढचा नमुना. दुपारपर्यंत दात असे आंबायचे की संध्याकाळी घरी मऊ भातसुद्धा चावत नसे. शिवाय जीभ खोटं बोलते म्हणून रिफ्रॅक्टोमीटर नावाचं एक नळीसारखं यंत्र असायचं. त्याच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे तोंड करून एका डोळ्याने आत बघायचं, की साखर किती ते कळतं. रस्त्यावरून जाणारे लोक म्हणायचे, बाई दिवसा चांदण्या मोजतात.

पण नुसती साखर म्हणजे चांगलं फळ नव्हे. साखरेबरोबर थोडा आंबटपणा हवा, नाहीतर ते फळ पाणी घातलेल्या गुळासारखं लागतं. साल पातळ हवी, पण इतकीही नको की फेब्रुवारीत अवचित पाऊस आला तर मणी तडकतील. गर घट्ट हवा, मणी देठाला धरून राहायला हवा, आकार डोळ्यांत भरायला हवा. या एकेका गुणामागे वेलाच्या पेशींतली वेगवेगळी जनुकं असतात आणि ती सगळी एका वेलात गुण्यागोविंदाने नांदतील तर शपथ! जुन्या भोकरी द्राक्षाचा वेल काटक, पण मण्यात बिया. थॉमसन बिनबियांचं आणि गोड, पण नाजूक, मणी बारीक. दोघांचं लग्न लावायचं तर भोकरीलाच आई करावं लागतं, कारण बिनबियांच्या द्राक्षाला बापच होता येतं. फुलं मोहरीएवढी. चिमट्याने फुलाची टोपी उचलायची, आतले पुंकेसर खुडायचे, थॉमसनचा पराग लावायचा, वर कागदी पिशवी बांधायची. हे करताना मान अशी अवघडायची की रात्री उशी नकोशी व्हायची. आणि एवढं करून तिसऱ्या वर्षी बहुतेक वेलांना दोघांचेही वाईटच गुण लागायचे.

एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक तणतणत आले. त्यांनी बाजारातली उत्तम भोकरी द्राक्षं आणून त्यांच्या बिया अंगणात लावल्या होत्या. कित्येक वर्षं पाणी घालून आता फळ आलं ते असं आंबट की चिमण्याही फिरकेनात. "बाई, गव्हाच्या दाण्यातून गहूच येतो ना? मग ही फसवणूक कुणी केली?"

मी विचारलं, "सर, तुम्हाला मुलं किती?"

"तीन."

"तिघांपैकी कुणाचं अक्षर तुमच्यासारखं आहे?"

सरांनी बराच विचार केला. "एकाचंही नाही हो. धाकट्याचं तर पालीच्या शेपटासारखं आहे."

"मग द्राक्षाकडून कशाला अपेक्षा करता? बी म्हणजे मूल. ते कुणावर जाईल याचा नेम नाही. हुबेहूब तोच वेल हवा असेल तर काडी लावायची." काडी म्हणजे वेलाचाच तुकडा. काडीतून येणारं रोप मूल नसतं, तो तोच वेल पुन्हा उभा राहिलेला असतो. म्हणून एका गावातल्या सगळ्या थॉमसनच्या बागा म्हणजे खरं तर एकच वेल पसरलेला. सर समजले, पण बिया विकणाऱ्याला दोन शब्द सुनावायचा त्यांचा विचार काही बदलला नाही.

तर वेल सगळे सारखेच, पण लाखात एखाद्या वेळी असं होतं की वाढत्या फांदीच्या एका डोळ्यात, म्हणजे कोंबाच्या गाठीत, आपोआपच काहीतरी बदलतं. का, ते नेमकं कुणी सांगू शकत नाही. त्या डोळ्यापासून पुढची फांदी वेगळं फळ देते. संकराच्या आमच्या सगळ्या खटाटोपाला जे जमत नाही ते निसर्ग असं फुकटात करून जातो, मला तर त्याचा रागच येतो. ही गोष्ट बागायतदारांनाही माहीत झाली होती, आणि त्यामुळे आमच्या केंद्रात दर हंगामाला 'नवा वाण' घेऊन येणाऱ्यांची रीघ लागायची. पिंपळगावकडचे एक तालेवार गृहस्थ तर पितळी ताटात रेशमी रुमालाखाली घड झाकून घेऊन आले. मणी केवढे! वाणाला मुलीचं नाव द्यायचंही त्यांनी ठरवलं होतं. मी विचारलं, "जी.ए.त किती वेळा बुडवलं?" जी.ए. म्हणजे मणी फुगवायचं औषध, बादलीत कालवून त्यात घड बुडवतात.

"जास्त नाय बाई," ते निरागसपणे म्हणाले, "चारदाच."

म्हणूनच आणीबाणी उठल्याच्या पुढच्या हिवाळ्यात एक तरणी बाई ओल्या फडक्यात दोन घड गुंडाळून माझ्या टेबलापुढे उभी राहिली, तेव्हा मी वर न बघताच विचारलं, "किती वेळा बुडवलं?"

"सगळ्यांना एकाच बादलीतून बुडवलं ताई," ती म्हणाली. "मग ह्योच येकटा कसा लांबला?"

मी वर बघितलं. एक घड साध्या थॉमसनचा, गोलसर मण्यांचा. दुसऱ्याचे मणी बोटाच्या पेरासारखे लांब, फिकट पोपटी. दोन्ही एकाच काडीवरचे, ती शपथेवर सांगत होती. मी एक लांब मणी तोंडात टाकला. तो दाताखाली कुडकन वाजला. साखर भरपूर, मागून किंचित आंबट, आणि साल लागतच नव्हती. मी दुसरा खाल्ला. मग तिसरा. यंत्र लावायचं विसरलेच.

तिचं नाव सुमन. कादवेच्या काठचं गाव, नाव सांगत नाही, कारण भावकी अजून नांदते आहे. दोन भावांची वाटणी झाली होती. थोरले दौलतदादा विहिरीच्या बाजूला, धाकटा श्रीपत, म्हणजे सुमनचा नवरा, पलीकडच्या पट्ट्यात. श्रीपत सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर कामाला लागला होता. पाळी करून यायचा, आल्यावर बागेला पाणी द्यायचा, दोन तास झोपून पुन्हा सायकल मारत पाळीला. विटला होता बिचारा. त्याने सांगून टाकलं होतं, हा हंगाम झाला की बाग तोडायची, मांडवाच्या तारा विकायच्या, पट्टा दादाला वाट्याने द्यायचा आणि सातपूरला खोली करून राहायचं.

"मी तिथं काय करू ताई?" सुमन म्हणाली. "चार भिंतींकडं बघत बसू? मला बागेतलंच येतं. ह्यांना दाखवायला कायतरी पायजे. नवा वाण आला म्हटल्यावर ऱ्हातील ना बागेत?"

तिला माझ्याकडून एवढंच हवं होतं. मला काय हवं होतं ते मी तिला सांगितलं नाही. मला इतक्या वर्षांत एकदा तरी तीन वर्षं न थांबता वाण मिळायला हवा होता.

दुसऱ्याच दिवशी मी एसटी पकडून तिच्या बागेत गेले, आणि तिथे आणखी एक गंमत कळली. मांडव वाटणीच्या आधीचा, दोघांचा एकच. बांध खालून गेला होता, पण वर तारा सलग होत्या. लांब मण्यांची फांदी सुमनच्या बाजूला लोंबत होती आणि वेलाचं खोड होतं बांधापलीकडे दौलतदादांच्या जमिनीत. मूळ त्यांचं, फळ हिचं!

त्यात सुमन आणि दौलतदादा एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. दादा तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. त्या गावात भासऱ्याने भावजयीशी थेट बोलायचं नाही, तिने पदर पुढे ओढून बाजूला व्हायचं. लग्न होऊन आल्यापासून दोघांत एक शब्द झाला नव्हता. काही निरोप असला तर श्रीपत नाहीतर थोरली जाऊ मध्ये. आता मध्ये मी सापडले. दादांच्या ओट्यावर आडनाव विचारून झाल्यावर मला चहा आला तो वेगळ्या ठेवलेल्या कपातून. मी तो तसाच ठेवला आणि बांधावर येऊन सुमनच्या हातचा प्यायले. राग आला होता, पण फांदी दादांच्या हातात होती, म्हणून गिळला.

आता घोडं कुठे अडलं ते सांगते. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा. ऑक्टोबरात फळासाठी, आणि फळ उतरलं की एप्रिलमध्ये खरड छाटणी. खरड म्हणजे नावाप्रमाणे खरडूनच काढायचं. प्रत्येक काडी बुडाशी एखादा डोळा ठेवून छाटून टाकायची, म्हणजे उन्हाळ्यात नव्या काड्या येतात. मी त्या फांदीचा डोळा न् डोळा तपासला. बुडाकडच्या फुटींना साधे गोल मणी, आणि फक्त टोकाकडच्या दोन फुटींना लांब. म्हणजे बदल फांदीच्या मधेच कुठेतरी झाला होता. खरड छाटणी झाली की साधा भाग वेलावर राहणार आणि हवा तो भाग जमिनीवर पडणार. आणि एकदा पाला झडून काड्यांच्या ढिगात गेला की कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही. काडीकडे बघून फळ कळत नाही.

तोडून लावावी, तर एप्रिलच्या उन्हात तेवढे चार डोळे करपणार. एकच मार्ग होता. फांदी वेलावर तशीच ठेवून तिचं टोक खाली मातीच्या डब्यात दाबायचं. त्याला दाब कलम म्हणतात. मुळं फुटेपर्यंत मूळ वेल तिला पाजतो. पण त्यासाठी ती फांदी छाटायची नाही, आणि वेलाला पाणी तोडायचं नाही.

छाटणीच्या दिवशी मी गेले तेव्हा सुरगाण्याकडून आलेली छाटणीची टोळी मांडवाखाली कात्र्या घेऊन उभीच होती. दौलतदादा स्वतः वेलापाशी.

"बाई, तिला सांगा," दादा म्हणाले. सुमन सात-आठ हातांवर पाठमोरी उभी होती. "एका काडीपायी अख्खा वेल मागं पडंल. हिरवी फांदी ठिवली का सगळा रस तिकडंच पळतो. बाकीचे डोळे फुटत नाय."

"ताई, दादांना सांगा," सुमन पदरातून म्हणाली, "वेल मागं पडला तर त्याचा माल माझ्यातून घ्या."

"बाई, तिला सांगा, तुझी बाग ऱ्हायली तर देशील ना."

"अहो, मी काय टपालखातं आहे का?" मी ओरडले. टोळीतल्या बाया हसायला लागल्या.

दादांनी कात्री खाली केली आणि माझ्याकडे बघितलं. "बरं, मग तुम्हीच सांगा. तुम्ही शिकलेल्या हाये. ह्या काडीचं रोप झालं, तर त्याला असाच लांब मणी येणार? खात्रीनं सांगा, मी कात्री खिशात घालतो."

सुमनने मान वळवून माझ्याकडे बघितलं. हो म्हणायला काय लागत होतं? जिभेवर आलं होतं. पण खरी गोष्ट वेगळी होती. कोंबाच्या टोकाशी पेशींचे थर असतात, कांद्यासारखे, एकावर एक. बदल कधी सगळ्या थरांत उतरतो, कधी एकाच थरात राहतो. एकाच थरात असेल तर रोप करताना तो निसटतो आणि वेल पुन्हा साध्या मण्यांवर येतो. बाहेरून बघून काही म्हणजे काही कळत नाही. फळ येईपर्यंत थांबावं लागतं.

"खात्री नाही देता येत, दादा," मी म्हटलं. "टिकेल, नाही टिकणार. दोन-तीन वर्षांनी कळेल."

"मग एवढं शिकून कळलं काय तुम्हाला?"

"एवढं कळलं की आज कात्री मारली तर नक्की जाईल!"

दादा हसले नाहीत. त्यांनी हात वर केला, तार बाजूला सारली, आणि फांदी बोटांत धरली. मला वाटलं, गेली. तेवढ्यात सुमन वळली. बांध ओलांडून सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर होता, पण तोंडावर नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "ती काडी नका तोडू. मी हात जोडते. मला हितून जायचं नाय."

ओट्यावरून थोरली जाऊ "अगं बाई!" म्हणाल्याचं मला ऐकू आलं. दादा जमिनीकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते, रागाने की लाजेने, देव जाणे. मग त्यांनी फांदी सोडली आणि टोळीला म्हणाले, "ती काडी ऱ्हाऊ द्या रे. बाकी घ्या." जाता जाता माझ्याकडे वळून "तिला सांगा" म्हणायला गेले आणि थांबले. "सकाळचं पाणी मी सोडत जाईन," असं हवेतच म्हणाले.

आम्ही तेलाचे दोन रिकामे डबे आणले, बुडाला भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं, फांदीच्या टोकाकडच्या त्या दोन्ही फुटी दोऱ्यांनी खाली ओढून एकेक डब्यात पुरल्या. तो उन्हाळा मी कसा काढला ते विचारू नका. केंद्रात लक्ष लागेना. रविवार आला की मी एसटीत. एकदा पानं पिवळी पडलेली बघून माझा धीर सुटला आणि मी डब्यातली माती बोटाने उकरायला गेले. सुमनने चक्क माझ्या हातावर चापट मारली. "ताई, भाकर फुगली का बघायला तवा उचलून हलवतात व्हय?" केंद्रातले आमचे साहेब कधी मला असं बोलले असते तर मी राजीनामा लिहिला असता. हिच्यापुढे मात्र मुकाट हात मागे घेतला.

पावसाळ्यात डब्यांच्या बुडाच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावली. सुमन नाचायचीच बाकी होती. आम्ही फांदी तोडून रोपं सुटी केली, आणि नेमका तेव्हाच श्रीपत पाळीवरून आला. हातात जेवणाचा डबा, डोळे तांबारलेले.

"फळ कधी धरणार ताई?"

"नीट वाढलं तर दोन वर्षांनी बघायला मिळेल."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खाली बसला. "दोन वर्षं," तो म्हणाला. "ताई, मी बसल्या जागी झोपतो. परवा मशीनवर डुलकी लागली. बोटं गेली असती." वेलाला घाई करता येत नाही, आणि माणसाला किती थांबायला सांगायचं त्यालाही मर्यादा असते.

ऑक्टोबरची छाटणी यायच्या आधीच बाग निघाली. मी गेले तेव्हा तारांची भेंडोळी गुंडाळणं चालू होतं आणि उपटलेले वेल बांधाला लागून पडले होते. जीव तळमळला. मी सुमनला म्हटलं, "रोपं माझ्याकडे दे. केंद्रात लावते, नीट सांभाळते." ती टेम्पोत बसली होती, दोन्ही डबे मांडीजवळ घेऊन.

"नको ताई. तिथं त्यांना तुमच्या नमुन्यांसारखा नुसता नंबर पडंल. माझ्याकडं ऱ्हाऊ द्या." टेम्पो सातपूरला गेला. मी एसटीची वाट बघत रस्त्यावर उभी राहिले आणि बस आली तरी चढले नाही, चालतच सुटले.

सातपूरच्या खोलीपुढे मोरीच्या पाण्यावर तिने ते वेल लावले. मालकाची कुरकुर, शेजारणींची कुरकुर, वेल पत्र्यावर पसरल्याने उंदीर येतात म्हणून कुरकुर. सुमन सगळ्यांना पुरून उरली. तिथे जायला मला एसटीची गरज नव्हती, शहर बस होती, त्यामुळे मी जरा जास्तच जायचे. शेवटी ती म्हणाली, "ताई, तुम्ही रोज येऊन बघता म्हणून तो लाजतोय."

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात तिचा निरोप आला, या. मी यंत्र घेऊन धावले. पत्र्याच्या कडेने दोन वेलांचे घड लोंबत होते. डावीकडच्या वेलाला गोल मणी, साधं थॉमसन, बदल निसटला होता. उजवीकडच्याला लांब. लांबच लांब! मी तिथेच रस्त्यात रडायला लागले. सुमन म्हणाली, "आधी खाऊन तरी बघा!" साखर तीच, आंबटपणा तोच, कुडकन वाजणारा गर तोच.

श्रीपत पहिल्या पाळीवरून आला. हातांना ग्रीस. सुमनने त्याच्या तोंडात मणी घातला. तो चावत उभा राहिला, मग स्वतःच हात पुसून दुसरा घेतला. "हे बांधावरचं?" त्याने विचारलं. तिने मान हलवली.

बातमी कुणी पोचवली कोण जाणे, पण आठवडाभरात दौलतदादा पिशवी घेऊन दारात हजर. योगायोगाने मीही तिथे होते. त्यांनी एक घड खाल्ला, सावकाश, बिया शोधत असल्यासारखा. मग सरळ सुमनकडे बघून म्हणाले, "ऑक्टोबरात छाटशील तवा काड्या दे. मी येकरभर लावतो. मूळ माझ्याच वेलाचं हाय."

"काड्या नाय मिळायच्या दादा," सुमन म्हणाली. "रोपं मी करीन आन् लावीन बी मीच. माझ्या पट्ट्यात. तुम्ही विहिरीचं पाणी द्या, वाटणीत ठरलं तसं, दर पाळीला. मग तुमच्या येकराची रोपं मी देते."

"आणि माझी ड्युटी?" श्रीपत म्हणाला.

"बस हाय की! तुम्ही करा ड्युटी. पाणी मी देईन. मी काय लेथ चालवते का रातीची?"

दादांनी पिशवी झटकली, घडी केली, काखेत धरली. "पाणी देतो," म्हणाले. श्रीपतने वेलाचा एक लोंबता शेंडा पत्र्यावर नीट सारला. "तारा सुटीच्या दिवशी ओढाव्या लागतील," एवढंच बोलला. त्याच्या पुढच्या पावसाळ्याआधी सुमन गावी परत गेली.

इथे गोष्ट थांबवली असती तर मी मोठी शास्त्रज्ञ ठरले असते. पण मी तिच्याकडून काड्या आणून केंद्रातही लावल्या होत्या, आणि त्या वेलांनी तिथे फळ धरलं तेव्हा ऐंशी उलटून गेलं होतं. आमच्या पद्धतीप्रमाणे घड पेटीत भरून, लांबच्या प्रवासाला लावून, पुन्हा उघडून तपासले. पेटी उघडली की तळाशी मण्यांचा थर. मणी देठाला धरत नव्हते. आमच्यात त्याला मणीगळ म्हणतात. ज्या बदलाने मणी लांब आणि कुरकुरीत केला, त्यानेच बहुधा देठाचा जोर काढून घेतला होता. आम्ही औषधं बदलली, तोडणीची वेळ बदलली, पेट्या बदलल्या. पालथ्या घड्यावर पाणी. साहेब म्हणाले, "बाई, हा वाण म्हणून पुढे नेता येणार नाही." त्यांचं चूक नव्हतं. म्हणूनच जास्त राग आला. आज बाजारात तुम्ही लांब मण्यांची द्राक्षं बघता, ती दुसऱ्यांच्या बागांत झालेल्या दुसऱ्या बदलांची. आमच्या फांदीचं त्यात काही नाही.

सुमनला हे सांगायला मला जावं लागणार होतं. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. तिने घर सोडलं, परत आली, नवऱ्याला फिरवलं, भासऱ्याकडून पाणी मिळवलं, सगळं या एका वाणाच्या जिवावर. आणि मी सांगणार की तो वाण नाहीच.

ती मांडवाखाली होती, विरळणी करत, म्हणजे घडातले दाटीचे मणी कात्रीने काढत. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. मणीगळ, पेट्या, साहेब, सगळं. तिचा हात थांबला नाही.

"म्हंजी मुंबैला नेता येणार नाय?"

"नाही. कुठेच लांब नाही."

"नाशकाला?"

"नाशकाला सकाळी तोडून सकाळीच नेलं तर जाईल."

"मग नाशकालाच नेतो ना ताई. कधीचं. आमचे हे पाळीला जाताना पाट्या नेतात, पंचवटीत उतरवतात, मग कारखान्यात जातात. दुपारपतोर एक मणी ऱ्हात नाय." तिने घड उलटून दुसऱ्या बाजूने बघितला. "तुमचा वाण गेला म्हणून वाईट वाटतं बघा. पर माझी बाग तर हितंच हाय."

एवढी वर्षं मी फळ चाखत होते, मोजत होते, आणि फळ कशासाठी हवं असतं याचा मी फक्त पेटीपुरताच विचार केला होता. मग सवयीप्रमाणे मी मांडवाखाली येरझाऱ्या घालायला लागले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अवो ताई, सावली हलते तुमची, घड दिसत नाय मला," सुमन म्हणाली. "एका जागी उभ्या ऱ्हा आन् ही फांदी धरा."

मी फांदी धरली.